चार खोल्या रिकाम्या आहेत, पण मोकळे हात किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या काळापासूनची शेती, घरात आई-वडील, तुम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि शाळेत जाणारी मुलं. गोठ्यात दुभत्या गाई. शेताच्या कडेला जुनं घर, त्यातल्या चार खोल्या रिकाम्या. कर्ज काढून त्या दुरुस्त कराव्यात आणि फार्मस्टे सुरू करावा का, आणि करायचाच तर चारही खोल्या एकदम काढाव्यात की आधी दोनच?

खोल्यांचा आकडा मी सगळ्यात शेवटी काढतो. फार्मस्टे अडतो तो सहसा खोल्या कमी पडल्या म्हणून नाही. तो अडतो सकाळी सहा ते अकरा या वेळात, कारण धारा काढणं, गोठा झाडणं, मुलांची शाळा, पाहुण्यांचा नाश्ता आणि निघणाऱ्यांची खोली पुन्हा तयार करणं, हे सगळं त्याच दोन-तीन माणसांवर येऊन पडतं. दुसरा अडसर जमिनीखाली असतो, सांडपाण्याच्या टाकीत. तिसरा असतो घरातल्या घरात, कधीच कागदावर न आलेल्या वाटणीत. या तिन्हींचा हिशेब मांडला की खोल्या किती ते वेगळं ठरवावं लागत नाही.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. शेतजमिनीवरचं घर पैसे घेऊन राहायला देता येतं का, जेवण द्यायला वेगळा परवाना लागतो का, किती पाहुण्यांपासून अग्निसुरक्षेचे नियम लागू होतात, या उत्पन्नावर कर शेतीच्या हिशेबाने लागतो की व्यवसायाच्या, हे सगळं प्रदेशागणिक बदलतं. या चार प्रश्नांची उत्तरं लेखी मिळेपर्यंत बँकेत जाऊ नका. विमा कंपनीलाही लेखीच विचारा. घराच्या किंवा शेतीच्या साध्या पॉलिसीत पैसे देऊन राहणारा पाहुणा बहुधा धरलेला नसतो, आणि ते अपघात झाल्यावरच कळतं.

आता हातांचा हिशेब. एक खोली आणि तिचं न्हाणीघर पुढच्या पाहुण्यासाठी तयार करायला सरावलेल्या माणसाला सव्वा तास लागतो. चादरी-टॉवेल धुवायला टाकणं, वाळत घालणं, घड्या करणं यात हाताचा वेळ धरा अर्धा तास. आलेल्या पाहुण्याला आवार दाखवणं, चाव्या देणं, गरम पाणी कसं सोडायचं ते सांगणं, अर्धा तास. फोन, निरोप आणि हिशेबाची नोंद, पाव तास. म्हणजे पाहुणा एक रात्र राहो की चार, प्रत्येक बदलामागे अडीच तास खर्ची पडतात. वर्षाला एका खोलीच्या शंभर रात्री गेल्या आणि प्रत्येक पाहुणा एकच रात्र राहिला, तर त्या एका खोलीला अडीचशे तास. तोच पाहुणा दोन रात्री राहिला तर सव्वाशे. भाडं तेवढंच, काम निम्मं. म्हणून मी कमीत कमी दोन रात्रींची अट घालायला सांगतो. सुरुवातीला पाहुणे कमी मिळतील या भीतीने ही अट कोणी घालत नाही, आणि नेमकी सुरुवातीलाच माणसं थकतात.

रोजचं काम यात अजून धरलेलंच नाही. नाश्ता, भांडी, अंगण, शेतफेरी याला पाहुणे असतील त्या प्रत्येक दिवशी दोन-अडीच तास जातात, मग खोली एक भरलेली असो की तीन. हे तास घरातल्या कोणाच्या वाट्याला येणार ते नावानिशी लिहा. दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाने आपल्या सध्याच्या कामाच्या वेळा वहीत टिपायच्या. मग त्यावर पाहुण्यांचे तास चढवायचे. बहुतेक घरांत ते दोन्ही सुनांच्या पानावर जाऊन बसतात. त्यांच्या पानावर सकाळी मोकळा तास दिसत नसेल, तर पगारी माणूस ठेवायचा किंवा खोली कमी करायची. तिसरा मार्ग नाही.

इटलीत या धंद्याला खूप आधी कायदा आला, १९८५ मध्ये, आणि २००६ मध्ये त्याच्या जागी नवा ९६ क्रमांकाचा कायदा झाला. त्यात शेती हेच मुख्य काम राहिलं पाहिजे अशी अट आहे आणि ते मोजायची मुख्य कसोटी आहे कामाचा वेळ. दहापर्यंत पाहुणे असतील तर शेतीच मुख्य आहे असं तो कायदा धरून चालतो. तुम्हाला तो कायदा लागू नसेल, पण कसोटी चांगली आहे. उत्पन्न किती आलं यापेक्षा तास कुठे गेले, यावरून शेत शेत राहिलं की नाही हे खरं कळतं. आणि पाहुणा येतो तो चालतं शेत बघायला. ते मागे पडलं की तुमच्याकडे उरतात गावाबाहेरच्या चार खोल्या, आणि तशा खोल्या कोणीही बांधू शकतो.

वाटणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून इथे जरा थांबतो. जमीन वडिलांच्या नावावर, कर्ज धाकट्या भावाच्या सहीने, काम थोरल्या वहिनीचं आणि पैसे शेताच्या खात्यात, अशी रचना मला वारंवार दिसते. पहिलं वर्ष ती उत्साहावर चालते. नंतर प्रत्येकाला वाटतं, आपण जास्त केलं.

यावरचा उपाय कोरडा वाटेल, पण तोच टिकतो. पाहुण्यांचं खातं शेतापासून वेगळं ठेवा. त्यातून आधी बाहेरचे खर्च आणि कर्जाचा हप्ता जाऊ द्या. मग घरातल्या माणसांचे तास, सगळ्यांना एकाच दराने. चादरी बदलणाऱ्या हाताचा दर ट्रॅक्टर चालवणाऱ्या हाताइतकाच. त्यानंतर दुरुस्तीचा निधी, जमेच्या निदान दहावा हिस्सा. उरलेला तो नफा, आणि त्याची वाटणी कशी करायची ते पहिला पाहुणा येण्याआधी ठरवा. पहिल्या वर्षी नफ्याच्या रकान्यात शून्य आलं तरी चालेल. तासांचे पैसे मात्र दर महिन्याला ज्याच्या त्याच्या हातात गेले पाहिजेत.

बांधकामाच्या पैशाचं नीट समजून घ्या. जमिनीला पक्कं जोडलेलं बांधकाम बहुतेक ठिकाणी जमिनीच्या मालकाचं ठरतं. म्हणजे एका भावाने साठवलेले पैसे जुन्या घरात घातले, तर उद्या वाटणीच्या वेळी तो खर्च त्याचा म्हणून दाखवायला हातात काही नसतं. म्हणून तो पैसा त्याने व्यवसायाला दिलेलं कर्ज म्हणून कागदावर आणा. शिवाय ते घर वडिलांकडून व्यवसायाला भाडेपट्ट्याने घ्या, आणि पट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठी ठेवा. वकिलाकडे एकदाच जायचं असेल तर या दोन कागदांसाठी जा. त्याच कागदात आणखी एक कलम घाला: घरातली कोणती प्रौढ व्यक्ती, कारण न देता, वर्षातले किती दिवस बुकिंग बंद ठेवू शकते. आजीला चार दिवस घर शांत हवं असेल तर तिने कोणाची विनवणी करू नये.

आवारात एक दार आणि एक अंगण असं ठेवा, जिथे पाहुणा येत नाही. मुलांचा अभ्यास आणि आई-वडिलांची दुपारची झोप त्याच बाजूला असू द्या. पाटी नको, कुंपण किंवा झाडांची रांग पुरते.

आता पाणी. राहायला आलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त पाणी वापरतो. दिवसाला माणशी १२० ते १५० लिटर धरा. चार खोल्यांत दहा माणसं म्हणजे १,२०० ते १,५०० लिटर, शिवाय चादरींची धुलाई. पण दिवसाच्या आकड्याने टाकी ठरवू नका, सकाळच्या दीड तासाने ठरवा. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, आठ मिनिटांच्या अंघोळीला सत्तर-ऐंशी लिटर. दहा अंघोळी म्हणजे सातशे-आठशे लिटर, आणि त्या नेमक्या धारा संपायच्या सुमाराला. गाय दिवसभराच्या पाण्याचा मोठा वाटा दूध काढून झाल्यावर लगेचच्या तासाभरातच पिते. उन्हाळ्यात जास्त दूध देणारी गाय दिवसाला शंभर लिटर पाणी पिऊ शकते. दोघांची टाकी एक असेल तर गव्हाणीपाशी पाणी कमी पडतं आणि दूध घटतं, आणि कारण चाऱ्यात शोधलं जातं. गोठ्याची टाकी आणि पाहुण्यांची टाकी वेगळी करा, दोन्ही रात्री भरून ठेवा.

विहिरीचं पाणी असेल तर जंतूंबरोबर नायट्रेटही तपासून घ्या. शेणखताचा ढीग, गोठ्याचा निचरा आणि खत दिलेली रानं जवळ असली की पाण्यात नायट्रेट उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅमची आहे. मुख्य धोका बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो. पाणी उकळून हा प्रश्न सुटत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. जंतूंसाठी मात्र उकळणं किंवा क्लोरीन चालतं. क्लोरीन घातल्यावर अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा करा. पहिल्या मोठ्या पावसात वरची घाण विहिरीत उतरते.

गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ६० अंश सेल्सियसच्या खाली ठेवू नका. वीज वाचवायला ४५ वर ठेवलेली टाकी आणि आठवडेच्या आठवडे न उघडलेला शॉवर ही लिजिओनेला जंतूला हवी तशी जागा आहे. तो २० ते ४५ अंशांत वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. रिकाम्या खोलीचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहते ठेवा. मात्र ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, म्हणून नळापाशी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवाच. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत नको, बाहेरच्या भिंतीवर बसवा.

सगळ्यात महाग चूक सांडपाण्यात होते. घरातल्या सात-आठ माणसांसाठी बांधलेल्या सेप्टिक टाकीवर आणखी दहा माणसं आली की काय होतं ते पाहा. टाकीत पाणी निदान एक दिवस स्थिर राहिलं तर गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं. सकाळच्या लोंढ्याने तो मुक्काम काही तासांवर येतो, गाळ ढवळतो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. तिथे मातीची छिद्रं बुजतात. टाकी उपसून ती मोकळी होत नाहीत. शोषखड्डा नवीन घ्यावा लागतो, तोही ऐन हंगामात, पाहुणे घरात असताना.

म्हणून दुरुस्तीचा पहिला पैसा इथे लावा, फरशी नंतर. आधी टाकीचं झाकण उघडून काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडा आणि हळूच बाहेर काढा. काळा डाग जिथपर्यंत चढला तितका गाळ. साय आणि गाळ मिळून टाकीच्या एक तृतीयांशाच्या वर असतील तर उपसा करून घ्या. टाकीत वाकून डोकावू नका, उतरू तर मुळीच नका, आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. शोषखड्ड्याच्या जागी ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, रात्रभर पाणी भरून माती भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. पाच-दहा मिनिटांत उतरलं तर छान. तासभर लागला तर माती चिकण आहे आणि साधा शोषखड्डा चालणार नाही. विहिरीपासून ३० मीटरचं अंतर मी किमान धरतो, आणि मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत त्याहून जास्त. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारा चेंबर वेगळा द्या. अंघोळीचं पाणी सेप्टिक टाकीत न नेता वेगळं काढता आलं तर निम्मा भार तिथेच कमी होतो.

एवढं झालं की एक चाचणी घ्या. घरातल्या सगळ्यांनी मिळून सगळे शॉवर पंधरा मिनिटं सोडायचे आणि मधे मधे सगळे फ्लश ओढायचे. तळमजल्याच्या जाळीतून बुडबुड आवाज आला किंवा पाणी वर आलं, तर पाहुण्यांच्या आधी तुम्हाला कळलं.

गाई-वासरं हेच पाहुण्याला सगळ्यात जास्त आवडतं आणि गंभीर धोकाही तिथेच आहे. ई. कोलाय ओ १५७ हा जंतू धडधाकट गाईच्या शेणात असू शकतो, गाय आजारी दिसत नाही. माणसाला तो फार थोड्या संख्येने पुरतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांत मूत्रपिंडं निकामी करू शकतो. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात मुलांसाठी खुल्या असलेल्या एका शेतावर ९३ जणांना याची बाधा झाली, त्यात बहुतेक लहान मुलं होती. जनावरांपासून मुलांना तोडायचं नाही, पण क्रम पक्का ठेवायचा: आधी शेतफेरी, मग हात धुणं, आणि मगच खाणं. गोठ्यातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर वाहतं पाणी आणि साबण असलेलं बेसिन बसवा, एक लहान मुलाच्या कंबरेच्या उंचीला. हाताला लावायचं जेल इथे पुरत नाही. मळक्या हातांवर ते काम करत नाही आणि वासरांच्या हगवणीतल्या क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीवर तर मुळीच नाही. हगवण लागलेलं वासरू पाहुण्यांपासून लांब बांधा. गरोदर स्त्रियांना व्यायला आलेल्या मेंढ्या-शेळ्यांजवळ जाऊ देऊ नका. दूध द्यायचं तर ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं किंवा उकळलेलं. धारोष्ण दुधाचा आग्रह झाला तरी नाही म्हणा.

धारा बघायला पाहुणे नेताना जनावराचाही विचार करा. कास धुताना-चोळताना गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक येतं आणि दूध उतरतं. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. त्या वेळात मागून मुलं ओरडली की गाय बिथरते, ॲड्रेनालिन ऑक्सिटोसिनचं काम अडवतं आणि दूध कासेत राहतं. हे रोज झालं तर उत्पादन घटतं आणि कासदाहाची शक्यता वाढते. म्हणून एका वेळी चार-पाच माणसं, गाईच्या समोरच्या बाजूला, आणि धार सुरू झाल्यावर कोणी ये-जा करायची नाही.

यंत्रांबद्दल नियम एकच: पाहुणे आवारात असताना ट्रॅक्टरचा फिरता दांडा उघडा नको. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी किंवा सदऱ्याचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शेण-मुताचं टाकं असेल तर त्याला कुंपण आणि कुलूप हवं, आणि ते ढवळताना व नंतर निदान अर्धा तास जवळ कोणी नको. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. डब्यावर रानात पुन्हा शिरायची मुदत लिहिलेली असते. ती मुदत बुकिंगच्या वहीत टिपा, म्हणजे शेतफेरी त्या रानात जाणार नाही.

रोग उलट दिशेनेही येतो. गेल्या पाच-सहा दिवसांत दुसऱ्या गोठ्यात जाऊन आलेल्या पाहुण्याला तुमचे बूट द्या. पाहुण्यांचं उरलेलं अन्न डुकरांना घालू नका. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा जनावरांची हालचाल थांबलीच, रानातल्या पायवाटाही बंद झाल्या आणि ग्रामीण पर्यटन बसलं. ज्या घरांत दोन्ही धंदे होते त्यांचे दोन्ही एकदम थांबले. म्हणून फार्मस्टे म्हणजे शेतीच्या वाईट वर्षाचा आधार, असं धरून कर्ज काढू नका. रोग, पूर, दुष्काळ दोघांना एकाच वेळी गाठतात. माझी कसोटी अशी: अपेक्षेच्या निम्म्या रात्री गेल्या आणि दोन महिने पूर्ण बंद राहिलं, तरी हप्ता जातो का? जात नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा, अपेक्षा वाढवू नका.

दर ठरवताना शेजारच्याचा दर बघण्याआधी स्वतःचे तास मोजा. एका मुक्कामाचे बदलाचे तास, रोजचे तास, चादरींची झीज, वीज-पाणी आणि दुरुस्तीचा हिस्सा यांची बेरीज हा तुमचा तळ. त्याखाली गेलात तर पाहुण्याच्या भाड्यात घरच्या बायका पैसे घालतायत असाच त्याचा अर्थ होतो. बेडमागे चादरींचे तीन संच ठेवा: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच ठेवले तर पावसाच्या पहिल्या झडीत गाडं अडतं.

तुमच्या घराचं वर्णन वाचून मी दोन खोल्यांनी सुरुवात करायला सांगेन. पण नळ आणि सांडपाण्याच्या नळ्या चारही खोल्यांच्या मापाने आत्ताच टाका, भिंती दोनदा फोडायला नकोत. वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि पेरणी, काढणी, गाई व्यायचे आठवडे, मुलांच्या परीक्षा आधी खोडून टाका. उरेल ते विका. पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा की पहाटे पाचला ट्रॅक्टर सुरू होतो, शेणाचा वास येतो, माश्या असतात आणि कुत्रं मोकळं नसतं. हे वाचून जो येत नाही तो आला असता तर तक्रारच करून गेला असता.

वर्षभर तासांची वही, पाहुण्यांच्या टाकीच्या मीटरचं वाचन आणि दर तीन महिन्यांनी काठीने मोजलेला गाळ, एवढं टिपत राहा. सकाळच्या पाळीत कोणाच्याही नावावर सलग पाच तासांपेक्षा जास्त पडत नसतील आणि गाळ हळूहळू वाढत असेल, तर तिसरी खोली उघडा. गाळ झपाट्याने वाढत असेल किंवा एकाच माणसाचं पान भरलेलं असेल, तर ती दोन्ही कारणं आधी दूर करा, आणि तोवर त्या खोलीत चादरींचा तिसरा संच ठेवा.